घाटासाठी दाबलेली हवा

म्हसळे, रविवार, २१ मार्च १९५४

काल मुंबईहून आलो, येताना ब्लोअर घेऊन आलो. भंगारबाजारात एका बोहऱ्याच्या दुकानात पडला होता. लढाईतल्या कुठल्याशा विमानात हवा दाबायला वापरलेला. आत दोन पाती एकमेकांत फिरतात आणि समोरची हवा ओढून मागं ढकलतात. हातानं फिरवून पाहिला. तोंडाशी तळहात धरला तर हवा सुर्रकन लागली. तिथंच ठरवलं की हा आपल्या मोटारगाडीला बसवायचा.

वही आजच सुरू करतो आहे. लष्करी वर्कशॉपात असताना साहेब म्हणायचा की जे लिहिलं नाही ते केलं नाही. वर्कशॉप सोडून आठ वर्षं झाली, सवय मात्र गेली नाही. वडिलांना भिक्षुकाच्या पोरानं हात काळे केल्याचं शेवटपर्यंत दुःख होतं.

हे सगळं कशासाठी, तेही लिहून ठेवतो. गेल्या भाद्रपदात गावातल्या भागोजीची बायको काशी बाळंतपणात अडली. घाटापलीकडे माणगावच्या दवाखान्यात न्यायची म्हणून माझ्याच गाडीत घातली. तिसऱ्या वळणाच्या चढावर गाडीचा दम गेला. इंजीन तापलं, पाणी उकळलं. भागोजी ओढ्यावरून पाणी आणायला धावला. तो परत येईतो काशी गेली होती. मी चाकाला दगड लावून उभा होतो. तेव्हापासून घाट डोक्यातून जात नाही.

आता माझ्या बायकोला, कुमुदला दिवस गेले आहेत. चौथा महिना. श्रावणात होईल. भर पावसात, म्हणजे तोच घाट.

रविवार, ४ एप्रिल

भागोजी शेतावरचं काम भावावर टाकून रोज येतो. पैशाचं नाव काढलं की तोंड फिरवतो. ब्लोअरला तो 'फुंकनी' म्हणतो. त्याला समजावलं, की इंजीन आपण होऊन हवा आत घेतं तेव्हा बाहेरची हवा ढकलेल तेवढीच आत शिरते. चढावर आपल्याला ताकद जास्त हवी. ताकद म्हणजे पेट्रोल जास्त जळायला हवं, आणि त्याला हवा जास्त हवी. ती आपसूक येत नसेल तर कोंबायची.

"म्हंजे चुलीत फुंकनी मारतो तसाच ना मालक?"

तसंच. दोन ओळींत मी इतकं सोपं सांगू शकलो नसतो.

ब्लोअर पुढं बसवला. इंजिनाच्याच कप्पीवरून पट्टा दिला. नळ्यांचे सांधे कुठं गळतात ते पाहायला रिठ्याचा फेस लावायचा होता. फेस करून देताना कुमुद म्हणाली, "सवत आणलीत ती आणलीत, तिला रिठ्यानं न्हाऊ घालायलाही मीच का?" भागोजी तोंड लपवून हसला. काशी गेल्यापासून त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तीन ठिकाणी बुडबुडे आले. म्हणजे कोंबलेली हवा वाटेतच पळत होती.

रविवार, २ मे

पहिली चाचणी, आणि फजिती. गावाबाहेरच्या चढावर पहिल्या दमात गाडी अशी उचलली की भागोजी मागच्या बाकावर उताणा पडला. पण फर्लांगभरात इंजिनातून हातोडीचे ठोके ऐकू येऊ लागले. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप हाताला चटका देतो, त्यातलीच गत. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाटच पाहत नाही, आधीच पेटतं. असंच चालू ठेवलं तर पिस्टन फुटेल.

दोन उपाय करतो आहे. सिलिंडरच्या डोक्याखाली तांब्याचा जाड पत्रा घालून आतली जागा वाढवायची, म्हणजे हवा आत कमी दाबली जाईल आणि कमी तापेल. आणि ब्लोअरपासून इंजिनापर्यंतच्या नळीला ओलं गोणपाट गुंडाळायचं, वर गळका डबा टांगायचा, म्हणजे थेंब थेंब पाणी पडून नळी गार राहील. अभिषेकपात्रच म्हणा ना. एवढं तरी भिक्षुकीचं काही कामी आलं.

एक गोष्ट मात्र बाकी राहिली. ब्लोअर फिरतो तेव्हा किंचाळल्यासारखी शीळ घालतो. गुरं दावी तोडतात. भागोजी म्हणाला, "रडतीय."

रविवार, ९ मे

दाब किती चढतो ते कळल्याखेरीज आंधळी कोशिंबीर. डॉक्टर टिपणीसांकडं रक्तदाब मोजायचं यंत्र आहे. काचेच्या नळीत पारा, बाजूला आकडे. मागितलं. डॉक्टर म्हणजे भित्रा माणूस, साध्या पडशालाही तीन दिवस झोपायला सांगणारा. पण यंत्र दिलं. म्हणाले, "तालुक्यात दुसरं नाही, जपा."

रबरी नळी इंजिनाच्या तोंडाशी जोडली. पारा दोनशेचाळीसवर! मी ओरडलोच. वाफेच्या आगबोटीचा कप्तान झाल्यासारखं वाटलं.

रविवार, २३ मे

आजची गोष्ट नीट लिहून ठेवायला हवी, कारण वर्कशॉपात असतानाही ही मला कुणी शिकवली नव्हती.

इंजिनाच्या डोक्यात हवा शिरायच्या ज्या वाटा आहेत त्या ओतीव, खडबडीत आणि अरुंद. गेले आठ दिवस त्या कानशीनं घासून रुंद आणि गुळगुळीत केल्या. नळीचं काटकोनातलं वळण काढून तांबटाकडून मोठ्या बाकाचं करून घेतलं. आज पारा लावून पाहिला तर एकशेनव्वद! इतकी मेहनत करून दाब घटला. रागानं गाडी तशीच चढावर घातली, तर गाडी आधीपेक्षा कितीतरी जोरात गेली.

तासभर दगडावर बसून विचार केला तेव्हा उलगडा झाला. ब्लोअर दर फेऱ्याला ठरावीक हवा पाठवतो. पुढं वाट मोकळी असेल तर ती सरळ आत जाते आणि दाब कमी राहतो. वाट चोंदलेली असेल तर हवा तुंबते आणि पारा चढतो. म्हणजे मी ज्या आकड्यावर खूश होतो तो ताकदीचा नव्हता, अडचणीचा होता. पारा जास्त चढला की समजावं, कुठंतरी काहीतरी अडलंय.

भागोजीला सांगितलं, डॉक्टरांना जाऊन सांगितलं, घरी आल्यावर कुमुदलाही सांगितलं. ती पाय उशीवर ठेवून पडली होती. ऐकता ऐकता झोप लागली तिला. हल्ली लवकर दमते.

बुधवार, २ जून

कुमुदचे थोरले भाऊ, दादा, चौलहून आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे, आणि खाडी खवळायच्या आत दिघीच्या तरीनं पलीकडे नेतो म्हणाले. तिकडं आई आहे, वाडीत शांतता आहे, अलिबागला मोठे डॉक्टर आहेत. कुमुदनं पेटी काढूनही ठेवली होती.

मी नको म्हटलं. रविवारी घाटाची चाचणी आहे. इतके महिने जिच्यासाठी खपलो ती ऐन वेळी इथं नाही, हे मला पटेना. शिवाय पाऊस कधीही सुरू होईल, होडीत हेलकावे बसतील. इथून माणगाव आता हाकेच्या अंतरावर येणार आहे.

दादा म्हणाले, "हरिपंत, गाडी चांगली असेल. पण बाईमाणसाला या वेळी आईचं घर लागतं."

कुमुदला विचारलं. ती म्हणाली, "तुमचा एवढा जीव आहे त्यात, तर राहते." पेटी तिनंच परत माळ्यावर ठेवायला लावली. दादा जेवून गेले. नाराज दिसले. समजेल त्यांना.

रविवार, ६ जून

चढली! पाच माणसं, दोन भाताची पोती, आणि कुठंही न थांबता माथ्यावर. पाणी उकळलं नाही, ठोका नाही. तिसऱ्या वळणावर भागोजीनं गाडीतूनच हात जोडले. माथ्यावर उतरला आणि रस्त्यात बसून ढसाढसा रडला. म्हणाला, "आता घाटात मानूस मरनार न्हाय मालक. माजी काशी गेली ती गेली. म्होरं कुनी जायाचं न्हाय."

मलाही रडू आलं, का लपवू? आयुष्यात एक तरी काम धड केलं असं आज वाटलं.

सोमवार, १४ जून

डॉक्टर यंत्र न्यायला आले होते. मी म्हटलं, अजून थोडे दिवस असू द्या, पावसाळी हवेत दाब किती फरक खातो ते पाहायचंय. ते कुमुदकडे बघत होते. "वहिनी, बांगड्या रुतताहेत का हो?" ती म्हणाली, हो, अंगठी तर साबण लावून काढली. मग त्यांनी पट्टा तिच्या दंडाला बांधला, छाती तपासायची नळी कोपराशी लावली आणि पारा चढवला.

एकशेसाठ. मी म्हटलं, "इंजिनापेक्षा कमीच आहे की!" कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी तिच्या दंडाचा पट्टा सोडला. म्हणाले, मीठ अगदी बंद, दिवसभर डाव्या कुशीवर पडून राहायचं, लघवी तपासायला पाठवा. आणि मला ओसरीवर घेऊन म्हणाले, "हरिभाऊ, यांना आत्ताच माणगावला हलवा. दवाखान्याजवळ माझ्या मावसभावाचं घर आहे, तिथं राहू द्या बाळंत होईपर्यंत. इथं काही झालं तर माझ्याकडे औषध नाही."

मी सांगितलं, पूर्वीची गोष्ट वेगळी होती, आता अर्ध्या तासात घाटमाथा गाठतो. काही झालं तर तेव्हा नेऊ. उगाच परक्याच्या घरी दोन महिने कशाला?

"काही झालं तर तेव्हा उशीर झालेला असेल," म्हणाले, आणि यंत्र काखेत मारून गेले. पावसाळी मोजणी राहिलीच. माणूस भला आहे, पण भीतीशिवाय त्याला दुसरा धंदा नाही.

मंगळवार, २९ जून

कुमुदचं डोकं दुखतं. चेहरा भरला आहे. बायजा सुईण रोज तेल लावायला येते. ती म्हणते, "अंगावं पानी आलंय, ते चांगलंच हाय. पोरगा व्हनार. माज्या हातची सगली अशीच सुजली व्हती." बायजानं गावातली निम्मी माणसं जगात आणली आहेत, तिचं ऐकावं की एकशेसाठ आकड्याचं?

मीठ तोडलं होतं, पण अळणी भात कुमुदला गिळवेना. भाजलेलं वांगं आणि सुकट मागितली. मीच आणून दिली. ब्राह्मणाच्या घरात सुकट! शेजारपाजारी बोभाटा नको म्हणून दार लावून खाल्ली आणि दोघं पोटभर हसलो. किती दिवसांनी ती अशी हसली.

आज दुपारी तिनं विचारलं, "डॉक्टर म्हणतात तसं माणगावला जाऊन राहू या का? मला बरं वाटत नाहीये हो." मी तिला गाडीपाशी नेलं, इंजिनावरचं झाकण उघडून सगळं दाखवलं, नवा पट्टा, गोणपाट, भरलेली टाकी. म्हटलं, गाडी रात्रंदिवस तोंड घाटाकडं करून उभी आहे, तू काळजी करू नकोस. तिनं मान हलवली. पत्र्यावर हात टेकून थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली.

मंगळवार, १३ जुलै, माणगाव

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

रविवारी सकाळी कुमुद तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, सूप दिसेनासं झालंय. डोळ्यांसमोर सगळं काळं आलंय." मी चहाचा कप खाली ठेवला तोवर ती आडवी झाली होती. डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय झटकायला लागली. भागोजी डॉक्टरांकडं धावला. त्यांनी येऊन सुई टोचली. म्हणाले, "चला. आता दुसरा मार्ग नाही."

मागच्या बाकावर बायजाच्या मांडीवर कुमुदचं डोकं, दातांत फडक्याचा बोळा. पुढं माझ्याशेजारी भागोजी. डॉक्टर मागं पायांशी बसलेले. पाऊस मुसळधार. मी गाडी सोडली. ती अशी गेली की काय सांगू. पहिलं वळण, दुसरं वळण, ब्लोअर किंचाळत होता आणि मी मनात म्हणत होतो, पोचलोच, पोचलोच.

आणि कुमुदला दुसरा झटका आला. पहिल्यापेक्षा मोठा.

"हळू!" डॉक्टर ओरडले. "हा आवाज बंद करा! धक्का नको, आवाज नको! अशा रोग्याला अंधारात, शांत ठेवायचं असतं. आवाजानं झटका येतो!"

मी म्हटलं, ब्लोअर बंद करता येत नाही. पट्टा काढला तर इंजिनाला हवाच मिळणार नाही, ब्लोअरच्याच पोटातून हवा जाते.

"मग पाय उचला. जितकी हळू जाईल तितकी हळू."

मी पाय उचलला. शीळ उतरत उतरत नुसता घरघराट राहिला. भागोजीनं आपली घोंगडी काढून मागं दिली, बायजानं ती कुमुदच्या तोंडावर आणि कानांवर तंबूसारखी धरली. भर पावसात भागोजी खाली उतरला आणि गाडीपुढं चालायला लागला, रस्त्यातले दगड बाजूला करत, मला खड्डे दाखवत. तो चालत होता त्या चालीनं मी गाडी नेली. माथा यायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. गेल्या भाद्रपदातली गाडीसुद्धा याहून जोरात चालली होती.

तिसऱ्या वळणावर भागोजी थांबला नाही. हातही जोडले नाहीत. दगड उचलत राहिला.

दवाखान्यात बाईडॉक्टरांनी लगेच आत घेतलं. खिडक्यांना चादरी लावल्या. संध्याकाळी मुलगी झाली. रडली नाही. तिला फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. नाक कुमुदसारखं होतं. नदीकाठी भागोजीनं खड्डा खणला.

कुमुद जिवंत आहे. अजून दिसत नाही तिला. बाईडॉक्टर म्हणतात, दृष्टी येईल. त्यांनी मला एवढंच विचारलं, "दाब किती दिवस चढलेला होता? कुणी मोजला नव्हता का?" टिपणीस डॉक्टर बाजूलाच उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मीच म्हटलं, "मोजला होता."

शुक्रवार, १६ जुलै, माणगाव

आज कुमुदनं माझा सदरा कुठल्या रंगाचा आहे ते सांगितलं. दिसायला लागलं. मग तिनं बाळाबद्दल विचारलं. मी सांगितलं. ती भिंतीकडं वळली आणि तशीच राहिली. मी हात धरला. तिनं काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

दादा चौलहून पेणमार्गे आले आहेत. उठता येईल तशी तिला इथून परस्पर चौलला नेणार. या वेळी मी हो म्हटलं.

रविवार, २२ ऑगस्ट, म्हसळे

घर खायला उठतं. लोक येतात ते मात्र गाडी बघायला. घाट न थांबता चढणारी गाडी म्हणून नाव झालंय. श्रीवर्धनचे एक व्यापारी त्यांच्या मालमोटारीला असंच करून मागत होते. मी नाही म्हटलं. भागोजी म्हणाला, "का न्हाय म्हनता मालक? लोकांच्या कामाचं हाय." खरं आहे त्याचं. यंत्रानं काही वाईट केलं नाही. त्यानं दिलेला शब्द पाळला. शब्द मी चुकीचा मागितला होता.

टिपणीसांकडं गेलो होतो. माफी मागायची होती, पण त्यांनी चहा पुढं केला आणि पावसावर बोलत राहिले. निघताना पाया पडलो. वयानं ते माझ्याहून लहानच आहेत.

रविवार, १७ ऑक्टोबर, चौल

खाडी निवळल्यावर काल इथं आलो. तरीनं, मग मुरुडहून काशीदवरून एस.टी.नं. गाडी आणली नाही.

कुमुद बरी आहे. हडकुळी झाली आहे. बांगड्या सैल झाल्यात, कोपरापर्यंत सरकतात. दुपारी वाडीत सुपाऱ्या सोलत बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसलो. वाटेत येताना पुष्कळ जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी गाडीवरच आलो. म्हटलं, सांध्यांमध्ये फरक करून ब्लोअर हवा तेव्हा बंद करता येईल अशी सोय शोधली आहे. मध्ये एक झडप घालायची, म्हणजे आवाज नको असेल तेव्हा इंजीन आपली हवा आपण घेईल. पुढच्या वेळी...

पुढच्या वेळी म्हटलं आणि थांबलो.

कुमुदनं हातातली सुपारी सोलून टोपलीत टाकली.

"घाटानं आपल्याला अडवलंच नव्हतं हो," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी निघालो असतो तर जुन्या गाडीनंसुद्धा पोचलो असतो. दहा ठिकाणी थांबत, पाणी घालत, एखादा मुक्काम करत. आपल्याकडं अख्खा महिना होता."

रागानं नाही म्हणाली. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिथंच बसलो. मग तिनं अर्ध्या सुपाऱ्या माझ्या बाजूला सरकवल्या आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत सोलत राहिलो.